जिना वाळेपर्यंत

तर काल गोष्ट येऊन थांबली होती ती जिन्याच्या तोंडाशी. हाइड्रूनबाई क्रामर चौथ्या मजल्यावरच्या आपल्या दाराला कुलूप घालून उभ्या. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात चाकांची पिशवी, कोटाच्या खिशात लेकीनं सांगितलेली यादी, आणि खाली अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. लाइपझिगच्या कडेच्या लिंडेनाउ भागातल्या त्या घराला लिफ्ट नाही. घर बांधलं तेव्हा कैसर गादीवर होता, आणि त्याला काही वर यायचं नव्हतं, असं घरातले लोक म्हणायचे.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचं थोडक्यात. हाइड्रूनबाईंनी लाइपझिगच्या रस्त्यांवर एकतीस वर्षं ट्राम चालवली. नवरा लोथार जाऊन नऊ वर्षं झाली होती, एकुलती एक लेक आनेट तिकडे दूर श्टुटगार्टला. गेल्या वर्षी सप्टेंबरात बाईंचा उजवा गुडघा बदलला. तेव्हापासून तेरा महिने त्यांचं जग म्हणजे चौथा मजला, आठवड्यातून दोनदा व्यायामाचा दवाखाना, आणि त्याच वाटेवरची, कोपऱ्यावरची बेकरी. दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी यायची आणि गाडीवाला दंडाला धरून जिना चढवायचा. एकतीस वर्षं ज्या बाईनं निम्म्या गावाला घरी पोचवलं, तिला आता एक माणूस दंडाला धरून घरी पोचवत होता. बाई त्याला धन्यवाद म्हणायच्या आणि दार लावल्यावर दंड झटकायच्या.

बुधवारी आनेटचा फोन आला होता.

"आई, खोली मिळतेय. खाली बाग आहे, लिफ्ट आहे, नर्स आहे, आणि माझं घर दोन स्टॉपवर. सोमवारपर्यंत सही केली नाही तर दुसऱ्या कुणाला तरी देतील."

"लाइपझिगलाही बागा आहेत."

"बागा आहेत, पण तू चौथ्या मजल्यावर आहेस."

"वरून फार छान दिसतात."

"आणि मागच्या महिन्यात शेगडीवर भांडं जळून कोळसा झालं ते? गुडघ्याचं मी समजू शकते, पण तू विसरायला लागलीयस."

"विसरले नव्हते. डोळा लागला होता."

"तेच तर म्हणतेय ना मी!"

मायलेकी दोघी एकाच मातीच्या. एक ओढायला लागली की दुसरी दोरी सोडत नाही. तासभर ओढाताण झाली आणि शेवटी आनेटनंच तोडगा काढला. शनिवारी आईनं एकटीनं शहरात जायचं. तीन वस्तू आणायच्या, ज्या लिंडेनाउत मिळत नाहीत: जुन्या बेकरीतले बदामाचे चंडोल, निळी लोकर, आणि घरात घालायच्या लोकरी सपाता. मग चार मजले चढून वर जायचं आणि बरोबर सहाला घरच्या फोनवरून फोन करायचा. मोबाइलवरून नाही. मोबाइल कुठूनही करता येतो.

"जमलं तर श्टुटगार्टचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर रविवारी तीनला कॉफीला येतेच आहे, येताना कागद घेऊन येईन. गुपचूप सही करायची."

"आणि मी पावणेसहालाच वर पोचले तर?"

"बसून राहायचं. सहा म्हणजे सहा. हे मला कुणी शिकवलंय?"

शिकवलं होतं बाईंनीच.

तर बाई निघाल्या. उतरणं सोपं असतं असं ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांना वाटतं. बाई पायरी बघून, मग पिशवीचं चाक बघून, मग पुन्हा पायरी बघून उतरत होत्या. दुसऱ्या मजल्यावर पोचतात न पोचतात तोच दार उघडलं आणि वेंडिशराव हातात कॉफीचा मग घेऊन बाहेर आले. या माणसानं जन्मभर लोकांच्या छपरांवर चढून धुराडी साफ केली, आणि आता दिवसभर जिन्याचा कानोसा घेत बसतो. आनेटनं यांना आधीच फोन करून ठेवलाय, हे बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं.

"निघालात वाटतं, क्रामरबाई?"

"छे! जिन्यावर कुणी नवीन राहायला आलंय का ते बघत होते."

वेंडिशरावांनी हसून बाही पुढे केली. "लावा हात. धुराडेवाल्याला हात लावला की दिवस चांगला जातो. निवृत्त झालो म्हणून गुण जात नाही."

पण बाईंचं लक्ष बाहीकडे नव्हतंच. ते होतं दाराच्या मुठीकडे. मुठीला सुतळीनं एक लाकडी पाटी लटकत होती, कोपरा तुटलेली, अक्षरं पुसट झालेली: या आठवड्यात जिन्याची पाळी तुमची. ही पाटी त्या घरात दारोदार फिरायची. ज्याच्या दाराला पाटी, त्यानं वरच्या मजल्यापासून मुख्य दारापर्यंत सगळा जिना शनिवारी सहाच्या आत पुसून काढायचा. सहानंतर बादली वाजवायची नाही, रविवारी तर ओल्या फडक्याला हातही लावायचा नाही, आणि सोमवारी सकाळी पाटी पुढच्या दारावर. राज्यं बदलली, पैसे बदलले, रस्त्यांची नावं बदलली, पाटी फिरत राहिली.

"वेंडिश, मागच्या शनिवारी तुम्हीच पुसलात ना? मग पाटी अजून इथे कशी?"

"अहो, तुमची पाळी मीच घेतो की. वर्ष झालं. वर नेऊन लटकवायची आणि परत काढून आणायची, त्यापेक्षा राहू देतो इथेच."

माणूस चांगला होता हो. वर्षभर दुसऱ्याचा जिना पुसला आणि बोलून दाखवलं नाही. पण बाईंनी मनात महिने मोजले. तेरा महिने पाटी चौथ्या मजल्यावर आलीच नव्हती. म्हणजे खाली आपल्याशिवायच पाळ्यांचा हिशेब जमला होता.

"तुम्ही पायपुसणी उचलत नाही," बाई म्हणाल्या.

"काय?"

"दारापुढची पायपुसणी. भोवतीनं फडकं फिरवता. माझ्या दारासमोर काळा चौकोन पडलाय."

"बघा बुवा! फुकटचा गडी मिळाला तर तोही पारखून घेणार!" म्हणत वेंडिशरावांनी बाही मागे घेतली. बाई उतरत्या झाल्या.

सात नंबरची ट्राम आली. बाई पुढच्या दारानं चढल्या आणि चालकाच्या मागच्याच खिडकीशी बसल्या. चालवणारी पोरगी तरुण होती, वळणावर जरा उशिरा ब्रेक लावायची, आणि तिनं लावायच्या आधी बाईंचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. असं चार वेळा झाल्यावर बाईंच्या ध्यानात आलं की हा नवा गुडघा आहे आणि तो दुखत नाहीये.

पुढे आंगर पूल आला. या पुलावरची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एकदा बाईंच्या ट्राममध्ये नवरदेव चढला. काळा सूट, छातीवर फूल, आणि चुकीच्या दिशेची गाडी. लग्न शहरात आणि हा चालला शहराबाहेर. पुलावर येईस्तोवर त्याला कळलं आणि तो रडायच्या बेताला आला. समोरून दुसरी ट्राम येत होती. बाईंनी घंटा बडवून बडवून ती पुलाच्या मध्यावर थांबवली, आपलं दार उघडलं, त्या चालकाला ओरडून सांगितलं, "याला घे, याचं लग्न आहे!" आणि नवरदेव दोन रुळांमधून उडी मारून पलीकडे. दोन्ही गाड्यांतले लोक टाळ्या वाजवत होते. वरून पत्र आलं, दोन स्टॉपच्या मध्ये दार उघडणं नियमाला सोडून आहे म्हणून. बाईंनी ते पत्र जपून ठेवलंय. नवरदेवानं पाठवलेला लग्नाचा फोटोही त्याच पाकिटात आहे.

बाई त्याच आठवणीत हसत होत्या तेवढ्यात समोर कुणीतरी उभं राहिलं. पस्तिशीची बाई, गळ्यात ओळखपत्र.

"तिकीट, प्लीज."

बाईंनी ऐटीत चार फेऱ्यांचं कार्ड काढून दिलं. तपासनीस बाईनं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"हे कोरं आहे."

"काल घेतलं, दवाखान्यातून येताना, कोपऱ्यावरच्या दुकानातून."

"हो, पण शिक्का नाही मारलात. चढल्यावर त्या यंत्रात घालायचं असतं."

हाइड्रूनबाईंचे कान लाल झाले. एकतीस वर्षं ट्राम चालवली, पुढे निवृत्तीचा पास होता, त्या यंत्रात तिकीट घालायची वेळच आयुष्यात कधी आली नव्हती. पास आजारपणात संपून गेला होता. ज्या बाईनं आरशातून फुकट्या प्रवाशांकडे एकतीस वर्षं डोळे वटारले, तीच आज फुकटी. मागच्या बाकावरचा एक म्हातारा मान पुढे काढून बघत होता.

"असू द्या," तपासनीस हळूच म्हणाली, "आता मारा शिक्का."

"नाही. दंड करा."

"अहो, चूक होते एखादी."

"चुकीचाच दंड असतो. लिहा. क्रामर, हाइड्रून."

"आजवर लोक माझ्यापासून पळाले," ती म्हणाली, "दंड मागून घेणारं माणूस पहिल्यांदाच पाहतेय." मग तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि चेहरा एकदम सरकारी केला. "माझी पाळी दहाला सुरू होते. आत्ता नऊ अठ्ठावन्न झालेत. म्हणजे तिकीट मागायचा मला अधिकारच नव्हता, चूक माझी. मी आत्ता तुमच्यासारखीच प्रवासी आहे."

बाईंनी स्वतःचं घड्याळ पाहिलं. नऊ अठ्ठावन्न. नियमात बसत होतं. त्या उठल्या, दांड्याला धरून यंत्रापाशी गेल्या, शिक्का मारला, आणि येऊन बसल्या. दोन मिनिटं दोघी खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

"तिकीट, प्लीज," दहा वाजता ती म्हणाली.

बाईंनी दाखवलं.

"ठीक आहे. शुभ दिवस."

मागचा म्हातारा टाळी वाजवता वाजवता राहिला.

पण गोर्डेलर रिंगला उतरल्यावर बाईंच्या मनातला आनंद ओसरला. भांडं जळालं, तिकीट राहिलं. आनेट म्हणते तसंच तर होत नाहीये ना? गुडघ्याला व्यायाम असतो, गुडघा सुधारतो. डोक्याला काय करायचं? समोर रस्ता ओलांडायचा दिवा लाल होता, दिव्यातला टोपीवाला लाल माणूस हात पसरून उभा. दोन्ही बाजूंना एक गाडी नव्हती, तरी पंधरा माणसं शहाण्यासारखी उभी होती. बाईही उभ्या राहिल्या. गुडघ्याला विसावा आणि मनाला थोडा वेळ.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. लाइपझिगच्या ट्राम शहराच्या मध्यातून जात नाहीत, मध्याभोवती गोल फिरतात. एकतीस वर्षं बाईंनी शहराला प्रदक्षिणा घातल्या, गाभाऱ्यात मात्र क्वचितच पाऊल टाकलं. सुटीच्या दिवशी लोथार म्हणायचा, चल शहरात, तर बाई म्हणायच्या, शहरातूनच तर येतेय. त्यामुळे आतल्या गल्ल्या, एका इमारतीच्या पोटातून दुसरीच्या पोटात निघणारे छताखालचे बाजार, सगळं त्यांना नवलाचं.

चंडोल पहिल्या फटक्यात मिळाले. नाव पक्ष्याचं असलं तरी आत बदामाचं सारण असतं आणि वर पिठाच्या दोन पट्ट्यांची फुली. रांगेत पुढे बाहेरगावची माणसं होती, ती प्रत्येक खाद्यपदार्थाचा फोटो काढत होती. बाईंची पाळी आल्यावर विकणारी म्हणाली, "दोन देऊ?"

"सहा द्या."

"पाहुणे येणार वाटतं?"

"परीक्षक येणार आहेत," बाई म्हणाल्या.

लोकरीच्या दुकानानं मात्र घोळ घातला. जिथे लोकर मिळायची तिथे मोबाइलची आवरणं लटकत होती. काचेच्या कोपऱ्यात एक पिवळा पडलेला कागद: आम्ही निकोलाय चर्चच्या मागे गेलो आहोत. बाई वळल्या, एका छताखालून दुसऱ्या छताखाली गेल्या, एका चौकातून बाहेर पडून दुसऱ्या चौकात शिरल्या, आणि पाहतात तो समोर पुन्हा मोबाइलची आवरणं. पुन्हा निघाल्या, यावेळी उजवीकडे. पुन्हा तीच आवरणं. दुकानातला पोरगा आता ओळखीचं हसायला लागला होता.

आपण आपल्याच गावात हरवलो, हे आनेटला कळलं तर कागदावर सहीसाठी पेनही तीच घेऊन येईल. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. डोळे मिटले. आणि लांबून एक घंटा ऐकू आली. पाठोपाठ रुळांवर चाकं घासल्याचा लांब, पातळ आवाज. जुना डबा, डावं वळण. असं ओरडत जुना डबा फक्त मोठ्या स्टेशनासमोरच वळतो. त्या वळणावर त्यांनी स्वतः किती हजार वेळा दात आवळले होते. म्हणजे स्टेशन त्या बाजूला. म्हणजे निकोलाय चर्च या बाजूला. बाईंनी डोळे उघडले आणि एकही पाटी न वाचता चालू लागल्या. चार मिनिटांत लोकरीच्या दुकानाच्या दारात.

दुकानदारीणबाईनं निळ्या रंगाच्या सात छटा पुढ्यात मांडल्या. "कुठली हवीय?"

"ट्रामची."

"म्हणजे ही पाचवी," ती म्हणाली. गावचीच होती.

मग बाईंना भूक लागली. एका बेकरीच्या उंच टेबलाशी उभं राहून त्यांनी कांद्याच्या केकचा गरम चौकोन खाल्ला, वर कॉफी. समोरचा गृहस्थ पेपर वाचत होता, त्यानं विचारलं, "इथलं बरं असतं का हो?" बाई म्हणाल्या, "कळायला आणखी एक खावा लागेल," आणि खरोखरच आणखी एक घेतला. तेरा महिन्यांत त्या जेवणाबद्दल कुणाशी चार शब्द बोलल्या नव्हत्या. एकट्यानं जेवताना काय बोलणार?

सपातांच्या दुकानात पोरीनं विचारलं, "मावशी, माप?"

बाईंनी यादी काढून पाहिली. यादीत लिहिलं होतं, घरात घालायच्या लोकरी सपाता. कुणाच्या, ते लिहिलं नव्हतं. बाईंचा पाय चाळीस नंबरचा. त्यांच्या जुन्या सपाता घरी धडधाकट होत्या. बाईंनी यादी घडी घालून खिशात ठेवली.

"अडतीस," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला लहान होतील हो."

"मला नकोच आहेत. माझी लेक येते ना कॉफीला, दर खेपेला मोज्यांवर हिंडते आणि पाय गार पडले म्हणून कुरकुरते."

तीन वाजता थॉमस चर्चमधून मुलांच्या गाण्याचे सूर बाहेर येत होते. बाकावर जागा होती, पण बसलो आणि डोळा लागला तर, म्हणून बाईंनी उभ्यानंच ऐकलं. दोन गाणी झाली. मग पिशवी ओढत त्या ट्रामकडे गेल्या. यावेळी चढल्या चढल्या शिक्का मारला, आणि वाजला की नाही म्हणून कान लावून ऐकला.

पावणेपाचला बाई घराच्या दारात. आता अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, आणि दंडाला धरायला कुणी नाही. बाईंनी एक युक्ती योजून ठेवली होती. जिन्याला आठ वळणं होती. प्रत्येक वळण म्हणजे एक स्टॉप. पहिल्या वळणावर त्या थांबल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "गोर्डेलर रिंग. दारं उघडली." वीस मोजले. "दारं बंद." आणि पुढच्या अकरा पायऱ्या. "वाल्डप्लाट्झ." दोन स्टॉपच्या मध्ये थांबायचं नाही, नियमाला सोडून होतं ते.

दुसऱ्या मजल्यावर वेंडिशरावांनी बाहेर खुर्ची मांडून ठेवली होती. दार बंद, पण दारातल्या भोकामागे सावली हलली.

"खुर्ची आत घ्या, वेंडिश," बाई दाराला म्हणाल्या. "वाटेत अडथळा होतोय."

"बसा की थोडं!" दार म्हणालं.

बाई बसल्या नाहीत. पण एक गोष्ट केली. मुठीवरची सुतळी सोडवली, पाटी काढली, आणि पिशवीत लोकरीवर ठेवली.

चौथा मजला, शेवटचा स्टॉप. बाईंनी पाटी आपल्या दाराच्या मुठीला लटकवली, दोन पावलं मागे सरून बघितली. मग घड्याळ पाहिलं. पाच वाजून पाच मिनिटं. फोन सहाला. जिना सहाच्या आत. पूर्वी सगळा जिना पस्तीस मिनिटांत व्हायचा. म्हणजे पुसून होईल, खाली बादली रिकामी होईल, वर येऊन हात पुसून फोन. हिशेब अगदी बरोबर होता. फक्त तो जुन्या गुडघ्यानं मांडलेला होता.

बाईंनी कोट काढला, बादली भरली, आणि पहिलं काम म्हणजे आपलं पायपुसणं उचलून तो काळा चौकोन घासून काढला. मग एकेक पायरी, वरून खाली, कोपरे बोटानं. प्रत्येक दारापुढचं पायपुसणं उचलून, झटकून, कडेला उभं. दुसऱ्या मजल्यावर वेंडिशरावांचं पायपुसणं उचललं तर त्याखाली दोन टाचण्या, एक पेपरमिंटची गोळी आणि हरवलेली टपालपेटीची किल्ली निघाली. त्यांनी ती किल्ली दाराच्या फटीतून आत सरकवली. आतून "अरेच्चा!" ऐकू आलं.

तळमजल्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या होत्या तेव्हा चर्चची घंटा वाजायला लागली. बाईंनी मोजली. सहा. आणि लगेच वर, पार वर, चौथ्या मजल्यावर फोन वाजायला लागला.

बाईंनी वर पाहिलं. त्यांच्या आणि फोनच्या मध्ये चार मजल्यांचा जिना होता, आरशासारखा ओला, काळा, चकचकीत. एकही पाऊल उमटलेलं नाही. पुसलेल्या ओल्या जिन्यावर पाय द्यायचा नसतो. हे त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं, आणि नव्या गुडघ्यानं तर मुळीच द्यायचा नसतो. बाई बादली धरून खाली उभ्या, फोन वर वाजतोय. वाजला, थांबला. पुन्हा वाजला, थांबला. बाईंनी उरलेल्या तीन पायऱ्या पुसल्या. निदान तेवढं तरी.

मग दुसऱ्या मजल्यावर फोन वाजला. वेंडिशरावांचं दार उघडलं, त्यांचा पाय बाहेर आला, आणि हवेतच थांबला.

"पाय आत!" बाई खालून ओरडल्या.

पाय आत गेला. वेंडिशराव उंबऱ्याच्या आत उभे राहून, फोन कानाला, मान बाहेर काढून बोलायला लागले.

"हो आनेटबाई, आहेत. इथेच आहेत... नाही, वर नाहीत. खाली आहेत, तळमजल्यावर... नाही नाही, पडल्या नाहीत. उभ्या आहेत... अहो, मी कसा जाऊ खाली? ओलं आहे!... जिना. जिना ओला आहे... त्यांनीच केला!"

मग त्यांनी फोनवरचं एक बटण दाबलं, हात लांब करून फोन कठड्याकडे धरला, आणि आनेटचा आवाज सगळ्या घरात घुमला.

"आई! सहा म्हणजे सहा ठरलं होतं! इथे मी रुग्णवाहिकेला फोन करायच्या बेतात होते! विसरलीस ना?"

"विसरले नाही. घंटा मोजली मी. फोन वर आहे आणि मी खाली आहे."

"पण तू वर पोचलीच नाहीस का मग?"

"पोचले होते. पाच वाजून पाच मिनिटांनी. मग पुसत खाली आले."

"काय पुसत?"

"जिना. आज शनिवार आहे."

वेंडिशरावांनी फोन आणखी थोडा पुढे धरला.

"चार मजले?" आनेटनं हळू विचारलं.

"चारच आहेत, आनेट. पाचवा असता तर तोही पुसला असता."

"पायपुसणी उचलून!" वेंडिशराव मध्येच ओरडले. "माझी किल्ली सापडली!"

आनेट हसत होती की रडत होती ते त्या यंत्रातून कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. "आणि त्या तीन वस्तू?"

"ओट्यावर आहेत. चंडोल सहा आहेत, सपाता तुझ्या मापाच्या आहेत."

खाली मुख्य दाराच्या फटीतून ऑक्टोबरचा गार वारा येत होता आणि पहिल्या पायरीवरची ओल हळूहळू कडेनं सुकायला लागली होती.

"मग, आई," शेवटी आनेट म्हणाली, "ते कागद... उद्या आणू की नको?"

हाइड्रूनबाईंनी फडकं पिळलं, बादलीच्या काठावर घडी घालून ठेवलं, आणि वर बघून म्हणाल्या, "आण की. बाहेर चिखल आहे, ओल्या बुटांखाली घालायला कागद लागतातच. पण खालीच बूट नीट पुसून मग वर ये, या आठवड्यात पाळी माझी आहे."